ओव्हरक्लॉकवर खापर फोडून नाकारलेली वॉरंटी : मदरबोर्ड कंपनीकडे तक्रार

नागपूर,
९ जून २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग (मदरबोर्ड)

विषय : बी५५० मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरमधील (प्रोसेसरच्या फॅनची वायर जिथे लागते तो जोड) मूळ दोष आणि चुकीच्या शेऱ्याने नाकारलेली वॉरंटी

महोदय,

तुमच्या नागपूरच्या सर्व्हिस सेंटरने २१ मे रोजी माझा मदरबोर्ड जसा घेतला होता तसाच परत केला. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती : ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ओव्हरक्लॉकिंग’, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून ग्राहकानेच केलेले नुकसान. बोर्ड १९ दिवस तुमच्याकडे होता. या दिवसांत काय तपासले, काय मोजले, याबद्दल त्या कागदावर अक्षरही नाही. ती ओळ चुकीची आहे. का, ते पुराव्यासकट लिहिते आहे. पत्र लांबले आहे, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

मी घरून लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करते. जुन्या लॅपटॉपवर एक फिल्म रेंडरला लावली की रात्र जायची. वर्षभर पैसे बाजूला टाकून १२ एप्रिलला बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून एकेक पार्ट घेतला. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स, त्याच्यासोबत खोक्यात येणारा, फॅन असलेला रेथ स्टेल्थ कूलर आणि तुमचा बोर्ड, ९,८०० रुपयांचा. दुकानदाराने ए५२० चिपसेटचा स्वस्त बोर्डही दाखवला होता. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, आणि तुमच्या खोक्यावर तर ओव्हरक्लॉकिंगची सोय ठळक अक्षरांत छापलेली होती. जास्तीचे पैसे मी त्या छापील ओळीसाठी मोजले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, धाकट्या भावाला हाताशी घेऊन मशीन जोडली. रात्री ९.४७ वाजता, बायोसमधल्या (बोर्डच्या मूळ सेटिंगचा मेनू) एकाही सेटिंगला हात न लावता, सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरची चाचणी चालवून पाहिली आणि हौसेने स्क्रीनशॉट घेतला. स्कोअर दहा हजारांच्याही खाली, जेव्हा हा प्रोसेसर अकरा हजारांच्या आसपास जातो. शेजारी तापमान आणि वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोच्या खिडकीत दोन आकडे आहेत : प्रोसेसर ९५ अंश, सीपीयू फॅन ८४० आरपीएम (मिनिटाला फेरे). त्या ८४० चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झाल्याचा आनंद होता, आणि बाहेर चाळिशी ओलांडलेला एप्रिल. तापणारच, असे धरून मी ते सोडून दिले. हा स्क्रीनशॉट लक्षात ठेवा.

ओव्हरक्लॉक केला तो आठवड्याने, २० एप्रिलला. तो मी केला, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्याच वाक्यात सांगितलासुद्धा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ तसाच ठेवून मल्टिप्लायर ४५ केला, म्हणजे सगळे सहा कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर, आणि व्होल्टेज १.२५. विंडोज व्यवस्थित उघडले. सिनेबेंच लावले आणि दीड मिनिटात स्क्रीन काळी होऊन मशीन रिस्टार्ट. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढीच नोंद. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडली, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

माझी पहिलीच वेळ होती, त्यामुळे आधी स्वतःलाच दोष दिला. मल्टिप्लायर ४४ केला, ४३ केला. व्होल्टेज कमी करून पाहिले. रिस्टार्ट काही थांबेना. शेवटी सीमॉस क्लिअर करून सगळे मूळ सेटिंगवर आणले. रिस्टार्ट थांबले, पण लोड दिला की प्रोसेसर पुन्हा ९५ अंशांवर. एएमडीने या प्रोसेसरची कमाल मर्यादा हीच दिली आहे. तिथे पोचला की तो वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. ओव्हरक्लॉक काढून टाकला तरी ताप उतरत नाही, म्हणजे मूळ दुसरीकडे आहे हे तेव्हा ध्यानात आले.

मग एकेक गोष्ट बाद करत गेले. एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून रॅम २१३३ वर आणली, रॅम तपासणारे मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवले, चूक शून्य. मैत्रिणीचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारे युनिट) आणून लावला, काही फरक नाही. उरला कूलर. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात आणि कूलर सरळ वर ओढला तर दोघांमध्ये चिकटलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून दहा मिनिटे मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ दिली, मग बंद करून चारही स्क्रू आळीपाळीने सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडे हलके हलके फिरवत सोडवला. पेस्ट कडेपर्यंत सारखी पसरलेली होती. कूलर बसवण्यात चूक नव्हती. तरीही पुसून नवी पेस्ट लावली. पुन्हा ९५.

तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरही संशय घेतला. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे स्पष्ट केले, हे इथे कोणी विसरलेले नाही. पण कॅबिनेट उघडून कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमला बोट लावले तर चटका बसला. आकडा खरा होता.

उत्तर २७ एप्रिलच्या रात्री सापडले. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीतला कूलर चोवीस तास सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत मशीनचा आवाज कानावर पडतच नाही. त्या रात्री मी तो बंद केला आणि कॅबिनेटला कान लावून बसले. सिनेबेंच सुरू केले. तापमान ५०, ७०, ९०. फॅनचा सूर बदलला नाही. तोच मंद, एकसुरी आवाज. एचडब्ल्यूइन्फोत पाहिले, ८३० ते ८५०. बायोसमध्ये जाऊन फॅन ‘फुल स्पीड’वर टाकला, तरी ८४०. वेग इशाऱ्याने ठरवणाऱ्या पीडब्ल्यूएमऐवजी व्होल्टेजने ठरवणारा डीसी मोड निवडला, तरी ८४०.

मग फॅनची वायर सीपीयू हेडरमधून काढून कॅबिनेट फॅनच्या हेडरला लावली. फॅन लगेच २,६०० च्या वर गेला. उलटही करून पाहिले. कॅबिनेटचा चांगला चालणारा फोर-पिन फॅन सीपीयू हेडरला लावला, तर तोही रांगायला लागला. दोन फॅन, दोन हेडर. दोष प्रत्येक वेळी एकाच हेडरवर. ओळखीच्या एका रिपेअरवाल्या दादांनी मल्टीमीटर लावला. दुसऱ्या पिनवर १२ व्होल्ट नीट येत होते. चौथी पिन, जिच्यावरून फॅनला वेगाचा इशारा जातो, ती सेटिंग २० टक्के ठेवा की १०० टक्के, शून्याजवळच पडून होती. शेजारच्या हेडरवर तोच आकडा सेटिंगप्रमाणे वर-खाली होत होता. पीडब्ल्यूएमची पिन अशी खाली दबलेली राहिली की फॅन कायम किमान वेगाने फिरतो, तो कोणाचाही असो.

आता १३ एप्रिलचा स्क्रीनशॉट पुन्हा बघा. पूर्ण लोड, ९५ अंश आणि ८४० आरपीएम, ओव्हरक्लॉकच्या सात दिवस आधी. जो दोष आधीपासून होता तो नंतर केलेल्या गोष्टीमुळे झाला, असे तुमच्या कागदावर लिहिलेच कसे?

२ मे रोजी बोर्ड जमा करताना हे सगळे मी काउंटरवर सांगितले होते. स्क्रीनशॉट मोबाइलवर दाखवायला गेले तर इंजिनिअरने तो पाहिलाही नाही. म्हणाले, “ताई, ओव्हरक्लॉक केला ना तुम्ही? मग विषय संपला.” फॅनबद्दल विचारले तर, “नागपूरच्या गर्मीत असंच होते.” नागपूरच्या गर्मीने प्रोसेसरचे तापमान पाच-दहा अंशांनी वाढेल, हे मलाही मान्य आहे. पण गर्मीत फॅन जोरात फिरायला हवा, मंद नव्हे. याच खोलीत, याच गर्मीत, तोच फॅन दुसऱ्या हेडरवर लावल्यावर मूळ सेटिंगवर प्रोसेसर ८४ अंशांवर थांबतो. इतकेच नाही, ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवर अर्धा तास चालवला तर ८९ पर्यंत गेला आणि एकदाही रिस्टार्ट झाला नाही. खोक्यातल्या छोट्या कूलरवर यापुढे जाणे बरे नाही, म्हणून मी सध्या मूळ सेटिंगवरच काम करते.

प्रोसेसरबद्दल माझी तक्रार नाही. तो धडधाकट आहे, आणि ओव्हरक्लॉकने प्रोसेसरचे नुकसान झाले तर वॉरंटीत बसत नाही ही एएमडीची अट मी आधी वाचली होती. तुमची गोष्ट वेगळी आहे. खोक्यावर ओव्हरक्लॉकिंगचे नाव घेऊन बोर्ड विकायचा, बायोसमध्ये त्यासाठी अख्खे पान द्यायचे, आणि ग्राहकाने ते पान उघडले म्हणून फॅनच्या पिनचीही जबाबदारी झटकायची, हे मला पटत नाही. वॉरंटी कार्डावर तशी अट छापलेली नाही. मी ते दोनदा वाचले.

सध्या रोज सकाळी मशीन सुरू केली की ‘सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा’ असा संदेश येतो, कारण सीपीयू हेडर रिकामा आहे. हा इशारा बायोसमध्ये बंद करता येतो. पण उद्या फॅन खरोखर थांबला तर मला कळणार कसे? रिकाम्या हेडरवर हा इशारा तर रोजच येतो. दुसऱ्या हेडरवर फॅन दिवसभर पूर्ण वेगाने ओरडतो. ऑडिओ लेव्हल लावताना तो हेडफोनमधूनही ऐकू येतो. नवीन मशीनवर हे मी का सोसावे?

माझी मागणी अशी आहे. तीन वर्षांच्या वॉरंटीत बोर्ड बदलून द्यावा. ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’ हा शेरा तुमच्या नोंदीतून काढून तसे लेखी कळवावे, कारण तो राहिला तर पुढची तीन वर्षे माझी प्रत्येक तक्रार त्याच ओळीवर अडेल. आणि १९ दिवसांत काय तपासले त्याचा अहवाल द्यावा. तपासलेच नसेल तर तसे लिहून द्यावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि माझे सगळे कागद तयार आहेत.

बिल, सर्व्हिस सेंटरची जॉब शीट, १३ एप्रिलचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही हेडरवरच्या मोजमापांचे व्हिडिओ सोबत जोडले आहेत. तेवढ्याने समाधान होत नसेल तर तुमचा इंजिनिअर सांगेल त्या दिवशी मी बोर्ड, दोन्ही फॅन आणि मल्टीमीटर घेऊन सर्व्हिस सेंटरला येते. चौथी पिन त्यांनी स्वतः मोजावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आपली,
एक ग्राहक, नागपूर