गॅरेजवाल्याला जरा थांबवा

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

गाडीची थरथर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही गेली नाही आणि आता गॅरेजवाला दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे खालचे दांडे) आणि एक्सल (चाकाला फिरवणारा दांडा) बदलू म्हणतोय, असं आई फोनवर म्हणाली. बाबा, त्याला जरा थांबवा. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. स्टिअरिंग थरथरण्याची कारणं बहुधा वेगळी असतात.

आई, गावात काही जाणवत नाही, पेठ नाक्याच्या पुढे हायवेला ८० झालं की सुरू होतं आणि १०० च्या आसपास कमी होतं, हे तू नेमकं टिपलंस. अशी ठरावीक वेगाची थरथर बहुतेक वेळा चाकातली असते: बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल, वाकलेली रिम नाहीतर टायर. एक्सलचा आतला जॉइंट गेला असता तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली असती, पाय काढला की शांत. ब्रेक लावतानाच हललं असतं तर डिस्क बघा म्हटलं असतं. सिग्नलला उभी असताना, तर इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

माझा संशय टायरवर आहे. नक्षी नव्यासारखी आहे म्हणाल. असणारच, गाडी मंडईपुरती निघते आणि एरवी उन्हात उभी! पण रबर न चालताही म्हातारं होतं, आणि एकाच जागी उभं राहून खालून चपटं बसतं. बाबा, तुमच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर जे बोलतात तेच हे. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतील. फुगवटा दिसला तर मात्र ते चाक काढाच. स्टेपनी लावण्याआधी तिचंही वय बघा, ती बहुतेक गाडीइतकीच जुनी असेल.

मग टायरवाल्याकडे पुढची चाकं मागे टाकून घ्या. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर चोर त्या चाकांतच आहे. बॅलन्सिंग मशिनवर चाक फिरताना शेजारी उभे राहा. तोल बरोबर दाखवूनही टायर वर-खाली उडत असेल, तर तोलासाठी रिमला वजनं ठोकून उपयोग नाही. चाक बसवताना हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज पुसायला सांगा.

लोअर आर्मचा हट्ट असेलच, तर चाक उचलून, टॉमी (लोखंडी पहार) घालून खेळ, म्हणजे ढिलेपणा, दाखव म्हणावं. तुमच्या डोळ्यांना दिसला तरच बदला.

तोवर मावशीकडे एसटीने जा. आकड्यांचे फोटो पाठवा. टायर लागले तर पैसे मी भरणार, आणि बाबा, त्यावर वाद घालायचा नाही.

तुमची लेक