दगडाला भोक पाडायचे तर पाण्यातच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दगड गोळा करून घरच्या घरी लोलक, मणी, किल्लीच्या लटकनी बनवण्याचा छंद हल्ली वाढतो आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेला अकीक (अ‍ॅगेट) आणि गारगोटी आपल्याकडे नदीनाल्यांच्या पात्रात पायाखाली येते. तेर, भोकरदन, नेवासे इथल्या उत्खननांत अकिकाचे वेज पाडलेले जुने मणी सापडले आहेत, त्यामुळे हे काम आपल्या मातीला नवे नाही. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ते बहुतेक वेळा कोरडे करून दाखवतात. दगड बोटांत धरलेला, ड्रिल सुरू, पांढरी धूळ उडते आहे आणि करणाऱ्याच्या तोंडावर साधे फडकेही नाही. सुट्टीत मुले हे पाहून तसेच करायला बसतील, म्हणून हे पत्र.

अकीक, जास्पर, गारगोटी, व्याघ्रनेत्र (टायगर आय) हे सगळे सिलिका. त्याची डोळ्यांना दिसणारी कोरडी धूळ तितकी धोक्याची नाही, न दिसणारी आहे. चार-पाच मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये हा रोग वर्षानुवर्षे नोंदला गेला आहे आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या, दगडाला हातही न लावणाऱ्या माणसांतही तो आढळला आहे. छंद म्हणून आठवड्यातून तासभर काम करणाऱ्याचा धोका अर्थातच त्यांच्याएवढा नाही. पण जो धोका वाटीभर पाण्याने टळतो तो पत्करायचा कशाला?

शिवाय पाणी नसेल तर भोकही नीट पडत नाही. भोक पाडायला ड्रिलमध्ये बसवतात त्या हिऱ्याची कणी लावलेल्या सळया, म्हणजे बिटे. निकेलच्या पातळ थरात हिऱ्याची बारीक पूड रोवलेली असते. कोरडे चालवले की टोक तापते, निकेल मऊ पडून कण सुटतात आणि मिनिटभरात हातात उरते बोडकी सळई. ती आता दगड कापत नाही, नुसती घासते. घासून आणखी तापते, अकिकाला तडा जातो, भोकाच्या कडेला काळा डाग पडतो. पाणी टोक गार ठेवते, चुरा बाहेर काढते आणि धूळ उडण्याआधीच तिचा चिखल करते.

आधी दगड ओळखावा. चाकूच्या पोलादी टोकाने ओरखडा पडला तर दगड मऊ. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर, शंखजिरे यांत मोडतात आणि त्यांना साधे लोखंडाचे बिटही चालते, अर्थात पाण्यातच. चाकू नुसता घसरला आणि दगडाने उलट काचेवर चरा ओढला, तर तो गारगोटीच्या जातीचा, कठीणपणाच्या एक ते दहा या मोह्स मापात सातच्या आसपास. त्याला हिराच लागतो. भिंतीला भोके पाडायचे हॅमर ड्रिल आणि त्याचे कार्बाइड टोकाचे बिट इथे कामाचे नाही. ठोके बसले की दगडाची शकले होतात आणि ठोके बंद केले तरी ते टोक अकिकावर गुळगुळीत होऊन बसते. नाशिक, जळगाव, संभाजीनगर भागात मिळणारे अपोफिलाइट, स्टिलबाइट दिसायला देखणे, पण ते पातळ पापुद्र्यांत दुभंगतात. त्यांना भोक न पाडता तारेची कोंदणे करावीत. मॅलाकाइटमध्ये तांबे असते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दगड निवडताना एक साधी परीक्षा करावी. तो पाण्यात बुडवून काढावा आणि उजेडात धरून वाळताना पाहावा. पृष्ठभाग पटकन सुकतो, पण चिरेत शिरलेले पाणी मागे राहते आणि क्षणभर तिथे केसासारखी काळी रेघ उठून दिसते. भोकाची जागा त्या रेघेपासून लांब घ्यावी. कडेपासूनही २ मिमी भोकाला निदान ३ मिमी अंतर हवे, नाहीतर घालायची कडी घट्ट करताना दगडाचा कान तुटतो.

बिट किती जाडीचे? मणी दोऱ्यात ओवायचा तर १ मिमी, लोलकात कडी घालायची तर दीड ते दोन. अडीच-तीन मिमीपर्यंत भरीव बिट चालते. त्यापुढे पोकळ, नळीचे घ्यावे. भरीव बिट कितीही वेगाने फिरले तरी त्याच्या अगदी मध्यबिंदूचा वेग शून्यच राहतो. मधला दगड कापला जात नाही, दाबून चुरडला जातो. बारीक बिटात हे खपून जाते. जाड बिटात मात्र तिथेच काम अडते, माणूस जोर लावतो आणि दगड फुटतो. नळी फक्त कडेचे वर्तुळ कापते आणि मधली कांडी सुटी होते. ती नळीत अडकून बसली तर बारीक तारेने मागून ढकलावी, पुढच्या भोकाआधी काढलीच पाहिजे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. वीस हजाराला बिटाच्या मिलिमीटरने भागावे, येईल तेवढे फेरे मिनिटाला. २ मिमीला दहा हजार, ६ मिमीच्या नळीला सुमारे ३,३००, १० मिमीला दोन हजार. म्हणजे कापणारी कड सेकंदाला साधारण एक मीटर सरकते. याहून कमी चालले तर फक्त वेळ जास्त लागतो. जास्त चालवले तर पाणी टोकापासून बाहेर फेकले जाते आणि पाण्यात असूनही टोक कोरडेच राहते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता मांडणी. पसरट प्लास्टिकचा डबा घ्यावा, स्वयंपाकाला पुन्हा न वापरायचा. तळाला लाकडी फळी आणि तिच्यावर लाखेने चिकटवलेला दगड. लाख लावताना दगड आणि फळी दोन्ही हळूहळू कोमट करावी, ज्योत थेट दगडावर धरू नये. पाणी दगडावर चार-पाच मिमी येईल इतकेच भरावे. मोठी चकती असेल तर ती बुडवण्याची गरज नाही, भोकाभोवती मातीचे कडे करून त्यात पाणी घालावे. शाडू यासाठी नको, ती विरघळून पाणी गढूळ करते. मुलांच्या खेळातली तेलकट क्ले बरोबर काम देते.

विजेबाबत आम्ही आग्रही आहोत. पाण्याजवळ बॅटरीवर चालणारे रोटरी टूल सर्वांत बरे. विजेवरचेच वापरायचे तर लवचीक शाफ्ट जोडून मोटर वर टांगावी आणि हातात फक्त हँडपीस धरावा. तारेचा झोळ सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते. ज्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) नाही, तिथे हे काम करूच नये. फिरत्या बिटाजवळ सैल हातमोजे, ओढणी, मोकळे केस नकोत. चष्मा हवाच, आणि पाण्यात काम असले तरी एन-९५ मास्क असावा. मात्र मास्क लावला म्हणून कोरडे काम चालेल, असा अर्थ कोणी काढू नये.

बिट चकमध्ये (बिट पकडणाऱ्या जबड्यात) डगमगत नाही ना, हे आधी हळू फिरवून पाहावे. डगमगणारे बिट भोक रुंद करते आणि मध्येच मोडते. चकपेक्षा कॉलेट, म्हणजे बिटाच्या मापाची आवळणारी नळी, बरे. गुळगुळीत दगडावर बिट सरळ टेकवले तर ते घसरत जाते, म्हणून सुरुवात तिरकी करावी. साधारण ४५ अंशांत धरून चंद्रकोरीएवढी खाच पडू द्यावी, मग बिट सावकाश उभे करावे. एकदा खड्डा झाला की दिशा बदलायची नाही. हात तिरका झाला की बारीक बिट भोकातच तुटते आणि अकिकात अडकलेला तुकडा बाहेर काढणे फार कठीण.

दाब किती द्यायचा, हे वाचून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा तुकडा ठेवून, यंत्र बंद असताना, बिटाने दाबून पाहावे. २ मिमी बिटाला २०० ते ३०० ग्रॅम पुरे. हाताला तो अंदाज बसला की मग पाण्यात उतरावे. दोन-तीन सेकंद दाबावे आणि बिट भोकातून वर घ्यावे, पण पाण्याबाहेर नाही. त्या उसंतीत ताजे पाणी भोकात शिरते आणि चुरा वर येतो. नीट कापत असेल तर भोकातून दुधासारखी पांढरी रेघ उठते. बिट फिरते आहे आणि पाणी स्वच्छच आहे, म्हणजे टोक बोथटले किंवा चुऱ्याने भरले. अशा वेळी जोर वाढवणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक. बिट ओल्या विटेच्या तुकड्यात दोन-तीनदा चालवावे, चिकटलेला चुरा निघून हिऱ्याचे कण पुन्हा उघडे पडतात. तरीही पांढरे पाणी आले नाही, तर बिट बदलावे. ५ मिमी जाडीच्या अकिकाला पाच-दहा मिनिटे लागणे रास्त आहे.

भोक पलीकडे निघताना मागच्या बाजूचा टवका उडतो, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. शेवटचा अर्धा मिलिमीटर थर इतका पातळ होतो की कापला जाण्याआधी दाबानेच तुटतो. उपाय दोन. दगड फळीला घट्ट चिकटलेला असेल तर मागून आधार मिळतो. आणि त्याहून चांगले म्हणजे दोन तृतीयांश खोली झाली की दगड उलटवून दुसऱ्या बाजूने पाडणे. अकीक अर्धपारदर्शक असतो, खालून टॉर्च धरला की पहिल्या भोकाचा तळ सावलीसारखा दिसतो, त्यावरच खूण करावी. लांब मणी तर दोन्ही बाजूंनीच विंधावा लागतो. खंबायतचे कारागीर हेच करत आले आहेत. आणि भोक नेहमी शेवटच्या चकाकीच्या आधी पाडावे. कडेला उडालेल्या बारीक कपच्या मग घासण्यात निघून जातात, आणि दगड फुटलाच तरी पॉलिशची मेहनत वाया जात नाही.

सरावासाठी अकीक खर्चू नये. ओट्याचे काम झाले की फरशीवाल्याकडे कडप्प्याचे आणि ग्रॅनाइटचे तुकडे उरतात, ते मागितले तर मिळतात. आधी कडप्पा, मग ग्रॅनाइट. ग्रॅनाइटमध्ये कठीण आणि मऊ दाणे शेजारी शेजारी असल्याने बिट मध्येच ओढले जाते आणि हात तयार होतो.

काम संपल्यावरची सवय कामाइतकीच महत्त्वाची, आणि तीच कुठे दाखवली जात नाही. पांढरा चिखल मोरीत ओतू नये, तो नळीच्या वळणात बसून घट्ट होतो. डबा रात्रभर ठेवावा, वरचे निवळलेले पाणी झाडांना न घालता गटारात सोडावे आणि तळचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. ओटा, हात, यंत्र ओल्या फडक्याने पुसावे. गाळ वाळू दिला आणि झाडूने झाडला किंवा फुंकर मारली, तर पाण्याने बसवलेली सगळी धूळ पुन्हा हवेत येते. कामाचा एप्रन घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा भिजवावा.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, छंदांविषयीच्या पानावर दगडकामाचा मजकूर देताना ‘हे काम पाण्यात करावे’ ही ओळ आणि पाण्याच्या मांडणीचे चित्र जरूर छापावे. बिटांचे संच विकणाऱ्यांनीही खोक्यावर प्रत्येक जाडीसमोर फेऱ्यांचा वेग आणि ‘कोरडे वापरू नये’ ही सूचना मराठीत द्यावी. उन्हाळी शिबिरे घेणाऱ्यांनी बारा वर्षांखालच्या मुलांच्या हाती ड्रिल देऊ नये. त्यांना दगड ओळखणे, ओला करून चीर शोधणे आणि मणी ओवणे शिकवावे.

आपले,
मणिकामाचे छंदी वाचक, नाशिक