‘साधनसंपत्ती’ म्हणण्याआधीचा प्रश्न

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील पर्यावरणविषयक लेखात निसर्गाच्या दुर्दशेचे मूळ युरोपीय तत्त्वज्ञानात असल्याचे सांगून सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपाशीच विषय आटोपता घेतला आहे. माणूस निसर्गाचा ‘जणू स्वामी आणि मालक’ होईल, अशी आशा देकार्तने १६३७ मध्ये व्यक्त केली, हे खरे आहे. (त्यातला ‘जणू’ उद्धृत करताना बहुधा गळतो, या लेखातही तो गळला आहे.) परंतु या मालकीची कठोर उलटतपासणीही युरोपातच झाली. ती करणाऱ्यांत विसाव्या शतकातील जर्मन व फ्रेंच विचारवंत आघाडीवर होते. त्यांच्या परंपरेला खंडीय तत्त्वज्ञान म्हणतात आणि तिच्याविषयी लेखात एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजीभाषक जगातील पर्यावरण-नीतिशास्त्र बहुतेकदा असे विचारते की, प्राण्यांना, वृक्षांना, नद्यांना स्वतःचे मूल्य आहे का आणि असल्यास त्यांना कोणते हक्क द्यावेत. खंडीय विचारवंतांचा प्रश्न याच्या आधीचा आहे. मूल्य ठरवायला बसण्यापूर्वीच निसर्ग आपल्याला वापरण्याजोगा साठा म्हणून दिसू लागलेला असतो. तो तसा कधीपासून आणि कशामुळे दिसू लागला, याचा शोध ते घेतात. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लने १९३६ मध्ये या प्रश्नाचा माग गॅलिलिओपर्यंत नेला. मोजता येईल तेवढाच निसर्ग खरा मानण्याची सवय तिथे रुजली आणि जी मुळात एक पद्धत होती तिलाच आपण वास्तव समजून बसलो, असे त्याचे म्हणणे होते.

या प्रश्नाला नदीकाठावर आणले जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने. तंत्रज्ञानावरील १९५३ च्या व्याख्यानात त्याने ऱ्हाइन नदीवरच्या दोन बांधकामांची तुलना केली. जुना लाकडी पूल शेकडो वर्षे दोन काठ जोडत आला, पण त्याने नदीला नदीच राहू दिले. वीजकेंद्राची गोष्ट वेगळी आहे. ते नदीत बांधलेले नसून नदीच त्याच्यात बसवलेली आहे, कारण पाण्याचा दाब पुरवणे हीच आता नदीची ओळख ठरते. ऱ्हाइनचा निसर्गरम्य प्रदेश अजून आहेच की, असे कोणी म्हणेल, हेही त्याने गृहीत धरले होते. त्यावर त्याचे उत्तर असे की, आहे, पण पर्यटन व्यवसायाने धाडलेल्या सहलींना पाहण्यासाठी मागवलेली वस्तू म्हणून. म्हणजे नदीचे कौतुकही त्याच साठ्याच्या हिशेबात जमा झाले. त्याला जे म्हणायचे होते ते मराठीत सांगायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’ हा शब्द आपण शाळेतच पाठ करतो आणि त्याच चालीवर पुढे माणसांना ‘मनुष्यबळ’ म्हणू लागतो. माणूसही या साठ्यात ओढला जातो, हे त्या व्याख्यानातच आहे.

त्याच व्याख्यानातील एक उदाहरण वृत्तपत्राला लिहिताना टाळू नये, असे मला वाटते. जंगलात तोडलेल्या लाकडाची मोजणी करणारा वनकर्मचारी दिसायला आजोबांच्याच पायवाटेने चालतो, पण आता तो लाकूड उद्योगाच्या मागणीनुसार चालत असतो. ती मागणी लगद्यासाठी, लगदा कागदासाठी आणि कागद वृत्तपत्रांसाठी असतो. वृत्तपत्रे पुढे लोकमताला छापलेले गिळायला तयार करतात. या साखळीत आपण आणि मी दोघेही आहोत.

मात्र हायडेगरला निसर्गाचा ऋषी करून टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. १९३३ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि २०१४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या खासगी वह्यांत ज्यूद्वेष्टा मजकूर आहे. मातीशी नाते सांगणारा विचार कोणत्या दिशेला घसरू शकतो, हे त्याच्याच चरित्रात दिसते. म्हणून त्याच्यासोबत आडोर्नो आणि होर्कहायमर हे जर्मन विचारवंत वाचणे मी आवश्यक मानतो. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या या दोघांनी निसर्गावरची हुकमत माणसावरच्या हुकमतीपासून वेगळी काढता येत नाही, हे दाखवले. हायडेगरचाच ज्यू विद्यार्थी हान्स योनास याने १९७९ मध्ये, अजून न जन्मलेल्या पिढ्यांविषयीची जबाबदारी हा नीतिशास्त्राचा पाया करून गुरूकडे नसलेला नैतिक भाग पुरवला.

‘साधनसंपत्ती’नंतर तपासायचा दुसरा शब्द खुद्द ‘पर्यावरण’. परि आणि आवरण, म्हणजे सभोवती असलेले. मग मधोमध कोण, हे सांगायला नको. फ्रेंच विचारवंत मिशेल सेर याने १९९० मध्ये नेमकी हीच हरकत घेऊन या अर्थाचा फ्रेंच शब्द विसरा, असे सुचवले होते. त्याने स्पॅनिश चित्रकार गोयाच्या एका चित्राकडे बोट दाखवले. दोन माणसे सोटे घेऊन एकमेकांवर तुटून पडली आहेत आणि दोघेही गुडघ्यापर्यंत रुतलेले आहेत. कोण जिंकेल यावर आपण पैज लावतो. ज्या चिखलात ते बुडत आहेत तो लढाईतला तिसरा पक्ष आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मधोमध माणूसच असतो, असेही नाही. जीवशास्त्रज्ञ युक्सक्युलने वर्णन केलेली गोचीड घ्या. तिला डोळे नाहीत. सस्तन प्राण्याच्या त्वचेतून येणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचा वास, शरीराची ऊब आणि केस नसलेली जागा एवढेच तिचे जग. हायडेगरने आणि पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँतीने निसर्गावरील व्याख्यानांत युक्सक्युलची दखल घेतली. उजव्या हाताने डावा हात धरला की स्पर्श करणारा कोणता आणि स्पर्शिला जाणारा कोणता, हे क्षणाक्षणाला उलटते, या अनुभवावरून मेर्लो-पाँती असे मांडतो की पाहणारा माणूस पाहिल्या जाणाऱ्या जगाच्याच मांसाचा, म्हणजे त्याच्यापासून वेगळा नसलेला, आहे. हा विचार मोहक असला तरी त्यातून नदीवर धरण बांधावे की नाही याचा निर्णय निघत नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

पुरवणीत या विषयावर पुढे लेख येणार असल्यास त्याची सुरुवात देकार्तऐवजी ‘साधनसंपत्ती’ आणि ‘पर्यावरण’ या दोन शब्दांपासून करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक