चित्रकला शिकवणाऱ्या संगणक कक्षात पेन टॅब्लेट हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून महिना जवळ आला की शाळा, महाविद्यालये आणि लहानमोठ्या कलासंस्था संगणक कक्षासाठी लागणाऱ्या साहित्याच्या याद्या करू लागतात. त्या याद्यांत माऊस, कीबोर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या असे सारे काही असते. परंतु ज्या कक्षात मुलांना संगणकावर चित्र काढायला शिकवले जाते, तिथल्या यादीतही पेन टॅब्लेट सहसा आढळत नाही. बरीच वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर आता हौशी मुलांना डिजिटल चित्रकलेचे प्राथमिक धडे देणारा शिक्षक या नात्याने ही उणीव आपल्या पत्रातून मांडावीशी वाटते. पेन टॅब्लेट म्हणजे अभ्यासासाठी मुलांच्या हाती दिला जाणारा टॅब नव्हे. यूएसबी वायरीने संगणकाला जोडायची ती एक सपाट पाटी असते आणि तिच्यावर सोबतच्या पेनाने रेघ ओढली की ती समोरच्या मॉनिटरवर उमटते.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे आपल्या राज्यातील असंख्य मुलांचा हात शालेय वयातच घडतो. तांब्याच्या तोंडाची लंबगोल रेषा एका दमात कशी फिरवायची, सावलीच्या बाजूला पेन्सिल किती दाबायची आणि उजेडाकडे येताना ती कशी सैल सोडायची, हे वस्तुचित्राचा सराव केलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. तेच मूल संगणकासमोर बसले आणि त्याच्या हाती माऊस आला, की त्याच तांब्याचे तोंड चेपल्यासारखे दिसू लागते. मग ‘संगणकावर आपल्याला जमत नाही’ असा समज ते करून घेते, आणि दुर्दैवाने पुष्कळदा शिक्षकही त्याला दुजोरा देतात.

वास्तविक हा दोष साधनाचा आहे. माऊस आपण किती आणि कोणत्या दिशेने सरकलो एवढेच संगणकाला कळवतो. तो टेबलावर नेमका कुठे आहे याची संगणकाला माहिती नसते. म्हणूनच तो उचलून वीतभर अंतरावर ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. त्यात भर म्हणजे विंडोजमध्ये सर्वसाधारणपणे अशी सोय चालू असते, की माऊस वेगाने सरकवल्यास बाण जास्त लांब जातो आणि हळू सरकवल्यास कमी. कचेरीतल्या कामाला ही सोय उपयोगी असली तरी चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा होतो, की हाताने तेवढेच अंतर कापूनही रेघेची लांबी दर वेळी निराळी येते. अशा साधनावर हाताला सवय लागावी तरी कशी? पेन टॅब्लेटवर मात्र पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्यावरच्या ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. पेन वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवले की बाणही तिथेच जातो, आणि काही आठवड्यांत हात डोळ्यांच्या मागे आपोआप चालू लागतो.

दुसरी बाब दाबाची. माऊसचे बटण एक तर दाबलेले असते किंवा सोडलेले; या दोहोंच्या मधले त्याला काही कळत नाही. पेनाच्या टोकावर पडणारा दाब मात्र टॅब्लेट टिपतो आणि त्यानुसार रेघ जाड-बारीक किंवा गडद-फिकी होते. सहा-बी पेन्सिलीने छायांकन शिकलेल्या मुलाला त्यामुळे आपली विद्या तशीच्या तशी वापरता येते. १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वाकोम कंपनीने रूढ केलेल्या तंत्रात पाटीखालच्या तारांच्या जाळीतून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला ऊर्जा मिळते, त्यामुळे पेनात बॅटरी लागत नाही. जाहिरातींत २०४८, ४०९६, ८१९२ अशा दाबाच्या पातळ्यांचे मोठे कौतुक असते, पण शिकणाऱ्याला त्यांतला फरक क्वचितच जाणवतो. अगदी हलका स्पर्शही पेन ओळखते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

पेन टॅब्लेट हे काही कालपरवा आलेले खूळ नाही. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९६४ मध्येच पेनाने लिहिण्याची पाटी तयार केली होती, तर डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले ते १९६८ च्या डिसेंबरमध्ये. पुढे माऊस घरोघरी गेला, कारण पडद्यावरची वस्तू निवडणे आणि सरकवणे या कामांना तो उत्तम आहे. त्या कामांत तो आजही सरस आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे आपल्याकडचे ऑपरेटर कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने एकेक नोड (रेषेवरचा वळणबिंदू) ओढून ज्या सफाईने वळणे बसवतात, त्यांना टॅब्लेटची सक्ती करण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न मुक्तहस्त रेखाटनाचा, छायांकनाचा आणि रंगलेपनाचा आहे.

टॅब्लेट आणूनही तो कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्यांची कारणे बहुधा मांडणीत सापडतात. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, ही विभागणी पहिले काही दिवस फार जड जाते. त्या काळात चित्राऐवजी केवळ रेघा, वर्तुळे आणि अक्षरे गिरवून घ्यावीत. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचे प्रमाण जुळवलेले नसेल, तर हाताने काढलेले गोल वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखे दिसते. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब्लेट चालवण्यासाठी संगणकात टाकाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये जाऊन हे प्रमाण एकदा जुळवावे लागते. पूर्वीच्या एखाद्या कंपनीचा ड्रायव्हर न काढता दुसऱ्या कंपनीचा टाकल्यास पेनाचा दाब नोंदला न जाण्याची शक्यता असते, आणि मुले बिचारी पेन अधिकाधिक जोराने दाबत बसतात. डावखुऱ्या मुलांचा मुद्दा तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. कक्षातला माऊस नेहमी उजवीकडे असतो, तर बहुतेक टॅब्लेट सेटिंग बदलून उलटे फिरवून ठेवता येतात.

खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. पडदा नसलेला साधा टॅब्लेट आज साधारण दोन ते पाच हजार रुपयांत मिळतो, आणि क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर तर विनामूल्य आहे. पालकांनी पहिल्याच झटक्यात पडद्याचा महागडा टॅब्लेट घेऊ नये, असे मी आवर्जून सांगतो. आधी मुलाचा कल टिकतो का ते पाहावे. संस्थांनी मात्र अगदी लहान आकारावर भागवू नये, कारण त्यावर केवळ मनगट फिरते आणि कोपरापासून हात चालवण्याची चांगली सवय मोडते. प्रत्येक संगणकाला एक टॅब्लेट परवडत नसेल तर पाच-सहा घेऊन ते पाळीपाळीने द्यावेत. पेनाची टोके घासली जातात, तेव्हा जादा टोके त्याच वेळी मागवावीत. पेनाची नोंद वहीत ठेवावी, कारण एका मॉडेलचे पेन दुसऱ्या मॉडेलवर चालेलच असे नाही आणि पेन हरवले की पाटी निरुपयोगी होते.

एक मागणी विनाखर्चाची आहे. काही ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याला स्वतःचा टॅब्लेट संगणकाला जोडू दिला जात नाही. यूएसबीतून नक्कल होईल, असे कारण पुढे केले जाते. ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु टॅब्लेटचा ड्रायव्हर आदल्या दिवशी पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली टाकून ठेवता येतो, आणि साधा पेन टॅब्लेट हे पेन ड्राइव्हसारखे फायली साठवण्याचे साधन नाही, हे त्यांना पाच मिनिटांत दाखवता येते. वर्षभर पेनाने सराव केलेल्या मुलाची परीक्षा माऊसवर घेण्याचा प्रकार निदान येत्या सत्रापासून थांबावा, ही संबंधितांना विनंती.

— एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली