गोळी कधी येणार?

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांच्या घड्यांचे (प्रथिनाची लांब साखळी कोणत्या आकारात दुमडते याचे) कोडे सोडवल्यामुळे अल्झायमर आणि पार्किन्सनवरील औषध हाकेच्या अंतरावर आल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. त्याच दिवशी शेजारचे काका कात्रण घेऊन घरी आले. त्यांच्या पत्नीला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ‘संगणकाने सोडवलं म्हणतात, मग गोळी कधी येणार?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखे त्या बातमीत मला काहीही सापडले नाही, म्हणून हे पत्र.

अल्फाफोल्ड या घडी ओळखणाऱ्या संगणकप्रणालीच्या ज्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, ते थोरच आहे. मात्र त्या प्रणालीचे खरे बळ ठरावीक घडी असलेल्या प्रथिनांत दिसते. अल्झायमरशी निगडित ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचे अमायलॉइड-बीटा आणि पार्किन्सनशी निगडित १४० अमिनो आम्लांचे अल्फा-सिन्यूक्लिन यांना पाण्यात अशी एकच एक घडी नसते. ती सतत वळवळतात, एकमेकांना चिकटून लहान गुच्छ करतात, आणि अधिक अपाय हे गुच्छच करतात असे अनेक संशोधक मानतात. ही वळवळ संगणकावर पाहायची तर प्रत्येक अणूची जागा साधारण दर दोन फेम्टोसेकंदांनी (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) नव्याने काढावी लागते. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशासाठी, अशी ५० कोटी पावले टाकावी लागतात. मेंदूत मात्र हे साचणे वर्षानुवर्षे चालते.

चेतापेशीचे गणित आणखी वेगळे आहे. अमायलॉइड-बीटा पेशीच्या आवरणासारख्या कृत्रिम पटलात कॅल्शियम जाऊ देणारी छिद्रे पाडते, असे १९९३ मध्ये प्रयोगातून दिसले. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून १९५२ मध्ये मांडलेली विद्युतस्पंदांची समीकरणे, जी हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती, त्यांतच अशा छिद्रांच्या गळतीचे एक पद वाढवून पेशीचे विद्युतस्पंद कसे बिघडतात हे आज संगणकावर पाहता येते. खरी मेख येथेच आहे: छिद्रे किती आणि प्रत्येकातून प्रवाह किती, हे दोन आकडे प्रयोगशाळेत मोजलेले नसतील, तर ते थोडे इकडेतिकडे करून हवे ते उत्तर काढता येते. असे ‘जुळवलेले’ आलेख मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिले आहेत. तरुणपणी स्वतः काढलेही आहेत.

२०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे अल्झायमरवरील औषध आजार बरा करत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात त्याची गती काहीशी मंदावते. त्याचा धागा सापडला तो संगणकात नव्हे, तर स्वीडनमधील एका कुटुंबातील जनुकीय बदलाच्या अभ्यासात.

संगणकीय प्रारूपे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. कोणता प्रयोग आधी करावा हे ती चांगले सुचवतात. अशी बातमी छापताना ते गणित एका रेणूचे आहे, एका पेशीचे की रुग्णाचे, आणि त्यातले आकडे मोजलेले आहेत की गृहीत धरलेले, एवढे एका वाक्यात द्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे