पांढऱ्या ॲम्बेसिडरवाल्या चाचांना

चाचा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चाचा म्हण बेटी, सगळा मोहल्ला चाचाच म्हणतो." फोन नंबर घ्यायचा त्या दिवशीच्या गडबडीत राहून गेला. गाडीचा नंबर पाठ आहे, पण तो असा चारचौघांत लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. संभाजीनगरात कुणी ना कुणी तुम्हाला ओळखत असेलच, त्यांनी हे वाचून दाखवावं एवढी विनंती.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली तुमची गाडी उभी होती. आदल्या रात्री कुणाचा तरी निकाह झालेला असावा, वायपरच्या खाली गुलाबाच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि तुम्ही त्या एकेक करून बोटाने काढत होता. आम्ही मायलेकी पायरीवर बसलो होतो. रक्त दिलं होतं, छातीचा फोटो काढला होता, रिपोर्ट 5 वाजता मिळणार होते. घड्याळात साडेअकरा.

मायला घेऊन मी 2 वर्षांपासून दर 3 महिन्यांनी या शहरात येते. बसस्टँड, दवाखाना, औषधाचं दुकान, परत बसस्टँड. तिच्या लेखी औरंगाबाद म्हणजे एवढंच. हो, ती अजून औरंगाबादच म्हणते. त्याच सकाळी स्टँडवरून येताना एका भाड्याच्या गाडीवाल्याने तिला चढायला वेळ लागतो म्हणून गाडी पुढे काढली होती. तिचे गुडघे वाकत नाहीत, खोल सीटवर बसलं की उठता येत नाही. त्यावर ती काही बोलली नव्हती. पण नंतर रिक्षात बसल्यावर पदर तोंडाशी धरून गप्प बसली, ते मी पाहिलं होतं.

तुमची गाडी दिसल्यावर मात्र ती आपणहून बोलली. "अशीच व्हती बग. दुष्काळात सायबाची."

चाचा, तुम्ही ते ऐकलंत आणि हातातलं फडकं बॉनेटवर ठेवून आमच्याकडे आलात. कोणता साहेब, कोणता दुष्काळ, असं विचारलंत. परक्या बाईची गोष्ट ऐकायला कुणी असं रस्ता ओलांडून येत नाही. तिनेही मग सगळं सांगितलं. 1972 साली ती 14 वर्षांची होती. अंबड तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावर आजीबरोबर खडी फोडायला जायची. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पांढरी ॲम्बेसिडर यायची. जालना जिल्हा 1981 ला झाला, त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, म्हणजे साहेब याच शहरातून यायचे. गाडी थांबायची, साहेब मागच्या दारातून उतरायचे, हजेरीचा कागद बघायचे आणि निघून जायचे. "धुरळा एवडा उडायचा, पाटीतली खडी दिसंना व्हायची," माय म्हणाली. तिच्या हातावर चुन्याच्या कणीएवढी एक जुनी खूण आहे, छिन्नीचा कपचा उडालेला. ती तिने तुम्हाला दाखवली.

आजवर ती तिने मला कधी दाखवली नव्हती.

मग ती म्हणाली, "बसून बगू का म्या जराशी?" आणि तुम्ही मागचं दार उघडलंत. मी पुढचं उघडायला निघाले होते, पुढे पाय ऐसपैस राहतील असं वाटलं. तुम्ही मला थांबवलंत. "नको, माईंना मागे बसू दे. साहेब मागेच बसायचे ना."

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

दार केवढं मोठं आणि सीट कशी पाटासारखी उंच! तिला गुडघे वाकवावेच लागले नाहीत. आधी बसली, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. तुम्ही दार आपटलं नाहीत, हलकेच लोटून खटका बसेपर्यंत दाबलंत. नंतर विचारलंत, रिपोर्ट किती वाजता? 5 वाजता म्हटल्यावर, "तो क्या, पायरीवर बसून काय करता? चला, शहर बघू."

तुमची गाडी 1984 ची, मार्क फोर मॉडेल. मायने सांगितलेल्या साहेबांची मार्क टू असणार आणि तिची पुढची जाळी वेगळी होती, हे तुम्ही क्रांती चौकात सिग्नलला थांबलेले असताना समजावलंत. गिअर स्टीअरिंगच्या दांडीलाच, त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. पुढच्या दाराची ती तिकोनी काच तुम्ही आतून वळवली तशी वाऱ्याची झुळूक थेट मायच्या तोंडावर गेली. मूळ बनावट विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची, 1958 च्या सुमारापासून 2014 पर्यंत बंगालात उत्तरपाड्याला ही गाडी बनत राहिली, हे सांगताना तुमचा हात डॅशबोर्डवरून फिरत होता. कारखाना बंद पडला त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता म्हणालात. माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला.

पैठण गेट, गुलमंडी, शहागंजचं घड्याळ. गुलमंडीवर तुम्ही गाडी बाजूला घेऊन इमरती आणलीत, गरम. मायने अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात बांधून नातवासाठी ठेवली. तुम्ही सांगत होता की मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाने हे गाव वसवलं, डोंगरातलं पाणी नहरीने गावात आणलं, आणि बावन दरवाजांचं शहर हे नाव पुढे पडलं. पाण्याचं ऐकल्यावर ती पुढे सरकून बसली. पाण्याशिवाय दुसऱ्या कशाने तिचं लक्ष असं लागत नाही.

बीबी का मकबऱ्याला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, पायऱ्या पाहून तिचा हिरमोड होईल. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं. वर जायचा विषयच तुम्ही काढला नाहीत. मोठ्या दरवाजापाशी नेलंत, तिथल्या लाकडी फळ्यांवर पितळेचा पत्रा मढवलाय, त्यावर फुलं-वेली उठवल्यात. तुम्ही म्हणालात, "हात लावून बघा माई, थंड आहे." तिने एका फुलाच्या पाकळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तं कर्डीच्या फुलावानी." मी त्या दारातून शाळेच्या सहलीला धावत गेले होते, दाराकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

याच दारावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी बांधणाऱ्यांची नावं आहेत. अताउल्ला म्हणजे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, तुम्ही सांगितलंत. औरंगजेबाच्या मुलाने, शहजादा आजमशहाने, आईच्या, दिलरस बानूच्या आठवणीसाठी हा मकबरा बांधला असं म्हणतात. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे. "सात आणेबी मांडलं?" मायचा चेहरा खुलला, कारण घरचा हिशोब तीही असाच शेवटच्या रुपयापर्यंत मांडते. आणि मग ती बैलांची गोष्ट. ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने भरलेल्या 300 गाड्या पाहिल्या, त्यातली सगळ्यात लहान गाडीसुद्धा 12 बैल ओढत होते. माय कितीतरी वेळ त्या पांढऱ्या घुमटाकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बारा बैलांला वैरण किती लागली आसंल. आन् पाणी?" चाचा, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिच्याबरोबर हिशोब करायला बसलात, एका बैलाला दिवसाकाठी किती पेंढ्या, 12 ला किती, 300 गाड्यांना किती. हौदाच्या कठड्यावर तुम्ही दोघं बोटं मोजत बसलेले, हे माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

पाणचक्कीशी गाडी तापली. रहदारीत थांबत थांबत आलो होतो, काटा वर गेला होता. तुम्ही घाई केली नाहीत. बॉनेट उघडून ठेवलंत, आम्हाला वडाखाली बसवलंत. मायने शिदोरी सोडली: ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तुम्ही कांदा बुक्कीने फोडलात. इंजिन निवल्यावर ओलं फडकं घालून रेडिएटरचं झाकण आधी अर्धं फिरवलंत, वाफ फुस्स करून गेली, मग पूर्ण काढलंत. गाडी चालू ठेवून तांब्याने थोडं थोडं पाणी. माय जवळ उभी राहून बघत होती. "तापलेल्या तव्यावर येकदम पाणी वतलं की तडा जातो, तसंच व्हय?" तुम्ही म्हणालात, बिलकुल तसंच.

आत बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी ते जातं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, उंचावरून हौदात पडतं आणि त्या जोरावर दगड फिरतो. फकिरांचं, वाटसरूंचं पीठ यावर दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मलाही नवल वाटलं. मायला मात्र जात्याचंच पडलं होतं. लग्नाआधी पहाटे चारला उठून पायली पायली दळलेली बाई ती. तिने विचारलं, "आन् ह्याच्यावर वव्या कोण म्हनायचं?" तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, "पानी म्हणायचं, माई." ती मान हलवत राहिली. परत येताना ती काहीतरी गुणगुणत होती. माझ्या लहानपणी घरात जातं होतं तोवर ऐकलेला सूर होता तो. गिरणी आल्यापासून ऐकला नव्हता.

भडकल दरवाजापाशी तुम्ही गाडी थांबवलीत, 1612 चा, मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. तिथून मी म्हटलं, आता दवाखान्याकडे घ्या, साडेचार होत आले. तुम्ही आरशात मायकडे बघून विचारलंत, "माई, साहेबांची कचेरी बघायची?"

कलेक्टर कचेरीवरून जाताना तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घेतलीत. माय ताठ बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. फाटक मागे पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही. तुम्ही हॉर्नसुद्धा वाजवला नाहीत.

आणि पुढे नळाच्या कामासाठी तो रस्ता खोदलेला होता. मातीचे ढीग, चार-पाच बाया डोक्यावर पाट्या घेऊन चाललेल्या, एका झाडाच्या फांदीला झोळी. तुम्ही गिअर बदलणार इतक्यात माय मागून जोरात बोलली. तिचा असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"हळू घ्या, बाबा. बायांवर धुरळा उडंल."

तुम्ही गाडी हळू केली नाहीत. थांबवलीत. इंजिन बंद केलंत आणि शेवटची बाई पाटी रिकामी करून पलीकडे जाईपर्यंत स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिलात. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तुम्ही काचेतून हात बाहेर काढून त्यांना थांबायची खूण केलीत. त्यातली एक बाई आमच्याकडे बघून गेली. मायने तिला मान हलवली.

मी पुढे बसले होते, मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. तुम्ही डॅशबोर्डवरचं फडकं काही न बोलता मागे दिलंत, त्यावरून कळलं.

दवाखान्यापाशी उतरताना मी पैसे पुढे केले, निदान पेट्रोलचे. तुम्ही मायकडे बोट दाखवून म्हणालात, हिशोब त्यांच्याशी झालाय. तिने तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाली, आणि तुम्ही तो तिथेच तोंडात टाकून गाडी काढलीत. मी रिपोर्टच्या खिडकीकडे धावले, म्हणून नंबर घ्यायचा राहिला.

रिपोर्ट बरे आहेत. एक गोळी कमी केली. गावात आता ती शहराला जाऊन आले म्हणून सांगते, दवाखान्याचं नाव शेवटी येतं, कधी येतच नाही. शेजारच्या बायांना 12 बैलांचा हिशोब ऐकवते. तो तुमच्या दोघांचा अजून पुरा झालेला नाही, 300 गाड्यांशी अडलाय म्हणे.

चाचा, मनापासून आभार. पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे. माय शेवया करून आणणार आहे, तुमच्या घरी किती माणसं ते कळलं तर बरं होईल, नाहीतर ती आपल्या अंदाजाने पायलीभराच्या करेल. साडेअकराला कडुलिंबाखाली बघू.

तुमची,
अंबडकडच्या माईंची थोरली लेक