सॉफ्टवेअर घेताय? आधी सगळ्यात किचकट कॉल त्यात टाकून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात छोट्या धंद्यांसाठीच्या ॲप्सबद्दल मधूनमधून येत असतं, मी आवडीने वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते कंपनीच्या माणसानेच सांगितलंय की काय असं वाटतं. म्हणून हे पत्र. नाशिकला सिडकोत आमचं एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे. मार्च ते जून रिपेअरिंगची पोरं वाढवावी लागतात, पाऊस लागला की कमी होतात, असला धंदा. आणि हल्ली आमच्यासारख्यांना ते फील्ड सर्विसचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे फोन सतत येतात. कंप्लेंट नोंदवा, टेक्निशियनला कॉल (म्हणजे रिपेअरिंगचं काम) द्या, तो जागेवरून फोटो टाकेल, गिऱ्हाइकाची सही घेईल, बिल करेल, एएमसीची (वर्षाच्या देखभाल कराराची) आठवण आपोआप जाईल, गाडीवर किती कपॅसिटर उरले तेही कळेल. ऐकायला झकास आहे. कामाचंही आहे, मी विरोधात नाही, कारण डायरी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर धंदा चालवला की काय गळतं ते मला माहितीये. एएमसीच्या तारखा निघून जातात, आणि महिन्याभरात परत आलेली तीच कंप्लेंट पहिल्या वेळी कोणी अटेंड केली होती यावर दुकानात भांडण.

पण बघायचं कसं, निवडायचं कसं, हे कोणी सांगत नाही. सगळे फीचरची यादी देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की डेमो त्यांच्या उदाहरणावर घेऊ नका, आपल्याकडचा सगळ्यात किचकट कॉल त्यात टाका आणि तो आपल्याच पोराला त्याच्याच फोनवर टाकू द्या.

आता किचकट म्हणजे काय ते सांगतो. इन्व्हर्टर एसी, कूलिंग नाही. पोरगं जातं, चेक करतं, आउटडोअरचा (बाहेरच्या युनिटचा) इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलेला असतो. बोर्ड काढून दुकानात आणतो, तिथून तो बोर्ड रिपेअर करणाऱ्याकडे जातो, तो दोन दिवस म्हणतो आणि चार लावतो. मधल्या काळात गिऱ्हाईक रोज फोन करतं. बोर्ड येतो, बसवतो, एसी चालू होतो, मॅडम खुश, आणि रात्री परत एरर. म्हणजे परत व्हिजिट, आता कॉम्प्रेसरचं वाइंडिंग बघायचं, व्होल्टेज बघायचं, बोर्डवाल्याशी हुज्जत घालायची कारण त्याची वॉरंटी तोंडी. आणि गिऱ्हाईक म्हणतं व्हिजिट चार्ज एकदा दिलाय, परत का? बरोबरच आहे त्यांचं. हा सगळा एक कॉल आहे. एका कंपनीच्या डेमोत (नाव नको) मी विचारलं, बोर्ड बाहेर गेलाय तर हा कॉल आता कुठे दिसेल? त्यांच्याकडे असाइन्ड, इन प्रोग्रेस, कम्प्लीटेड एवढंच होतं. साहेब म्हणाले, सर तुम्ही हा क्लोज करून नवीन ओपन करा ना. झालं! म्हणजे एका एसीचे तीन वेगवेगळे जॉब, तिन्हीवर व्हिजिट चार्ज, आणि महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये आमच्या पोराने तीन कॉल पटापट क्लोज केले म्हणून तो हिरो. रिपीट कॉल कुठेच दिसणार नाही, आणि रिपीट कॉल दिसावा म्हणून तर आपण पैसे मोजतोय.

त्यामुळे पहिलं हे बघा की एकाच नंबराखाली अनेक व्हिजिट होतात का, पार्ट पेंडिंग आणि बाहेर रिपेअरला अशी स्टेटस आपली आपल्याला टाकता येतात का, आणि नोंद गिऱ्हाइकाच्या नावाने राहते की मशीनच्या सीरियल नंबरने. एका घरात तीन एसी असतात, बेडरूमच्या एसीत आर-३२ गॅस भरला होता की हॉलच्या, हे नावावरून कळत नाही. जुन्या आर-२२ गॅसच्या मशीन अजून आहेतच, आणि तो गॅस २०३० पर्यंत बंद होत चाललाय, म्हणून कुठल्या गिऱ्हाइकाकडे कुठला गॅस हे निघायला हवं. यात जे सॉफ्टवेअर नापास त्याचं बाकीचं बघण्यात वेळ घालवू नये असं मी तरी म्हणतो.

दुसरी परीक्षा दुकानात फोन घेणाऱ्या माणसाची. आमच्याकडे फोन वहिनी घेतात. एप्रिलमध्ये एक फोन कानाला, दुसरा वाजतोय, समोर रिमोट घेऊन कोणीतरी उभं. अशा वेळी त्या फॉर्ममध्ये ईमेल कंपल्सरी असेल तर त्या काय करणार, काहीतरी खोटं टाकणार. आणि पत्ता! स्ट्रीट, सिटी, झिप असे रकाने आणि लँडमार्कला जागाच नाही. आमच्याकडे पत्ता म्हणजे त्रिमूर्ती चौकातून आत, देवळामागची गल्ली, पांढरं गेट, वर पाण्याची टाकी दिसेल. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं लोकेशन तसंच्या तसं कॉलला चिकटवता आलं पाहिजे, नाहीतर त्या रूट ऑप्टिमायझेशनचं (जवळचा रस्ता काढून देण्याचं) काय करायचं.

परदेशी नावं पण लोक घेतात, जॉबर कॅनडाचं, हाउसकॉल प्रो अमेरिकेचं, सर्विसएमएट ऑस्ट्रेलियाचं. तिकडच्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनसाठी चांगलीच असतील, पण पैसे डॉलरच्या हिशोबात, आणि सर्विसएमएटचं मुख्य ॲप ॲपलच्या फोनसाठी बनलेलं, आमच्या पोरांकडे आयफोन कुठून असणार (एकाकडे आहे, ईएमआयवर, तो वेगळा विषय). तिकडचं पेमेंट कार्डावर उभं, इकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं क्यूआर कुठंय. आपल्याकडचं बघायचं तर झोहोचं एफएसएम (फील्ड सर्विस मॅनेजमेंट) आहे. बेल्जियमच्या ओडूमध्येही फील्ड सर्विस आहे पण ती त्यांच्या पैसेवाल्या एन्टरप्राइझमध्ये येते, फुकटच्या कम्युनिटीत नाही, हे लोकांना नंतर कळतं. मी कोणाची जाहिरात करत नाहीये, परीक्षा सगळ्यांना तीच.

बिलाचं जरा नीट लिहितो कारण इथे चुकलं की नोटीस आपल्याला येते, सॉफ्टवेअरवाल्याला नाही. रिपेअर सर्विसवर जीएसटी १८ टक्के, सर्विसचा कोड ९९८७, पार्टचा एचएसएन (वस्तूचा कोड) वेगळा, इथवर बहुतेक जण करतात. पण आमच्या लाइनीत बरेच जण वर्षाच्या २० लाख उलाढालीच्या आत आहेत, त्यांचं रजिस्ट्रेशनच नाही, त्यांना टॅक्स लावताच येत नाही. काही जण कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत), सर्विसवाल्यांना ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची सोय आहे, पण तो टॅक्स गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो, बिल ऑफ सप्लाय (टॅक्स न लावलेलं बिल) द्यायचं असतं. ट्रायलमध्ये बघा तसं बिल निघतं का, की टॅक्स इन्व्हॉइसच निघत राहतं. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, तसं परत काही झालं तर रेट आपल्याला एका जागी बदलता येतो की एकेक पार्ट उघडून बदलत बसायचं, तेही विचारा. आणि सीएकडे डेटा टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) जातो का. नाहीतर वहिनी दिवसा सॉफ्टवेअरमध्ये आणि रात्री टॅलीत, डबल एंट्री.

मराठीचं पण एक आहे. ॲप मराठीत आहे असं सांगतात, मेनू असतोही मराठी, पण बिलाची पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटतात. सोपी टेस्ट, गिऱ्हाइकाच्या पत्त्यात त्र्यंबक रोड टाका आणि प्रिंट काढा. अक्षरं विखुरली तर समजा मराठी फक्त वरवर लावलंय. गिऱ्हाइकाच्या हातात तसलं बिल द्यायला लाज वाटते.

नेटवर्कची टेस्ट ट्रायलच्या पहिल्याच दिवशी करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कॉल उघडा, दोन फोटो काढा, सही घ्या, ॲप पूर्ण बंद करा, परत उघडा. नोंद आहे का? बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं, एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेडमध्ये नसतं, आणि तिथे भरलेलं उडालं की टेक्निशियन दुसऱ्यांदा भरत नाही, तो परत व्हॉट्सॲपवर येतो, आणि मग मालक म्हणतो पोरं शिकत नाहीत. पोरं हुशार आहेत हो, त्यांच्या अंगावर घाम, हातावर तेल, शिडीवर उभी, त्यांना कुठे बारा टिकमार्क करायला लावता.

गिऱ्हाइकाला जाणाऱ्या ऑटोमॅटिक मेसेजचं खूप कौतुक सांगतात, तुमचा टेक्निशियन निघालाय वगैरे. पण आपल्याकडे धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) रजिस्टर व्हावं लागतं, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) घ्या, मेसेजचा साचा मंजूर करून घ्या. हे कोण करणार, आपण की सॉफ्टवेअरवाले? आणि व्हॉट्सॲपवरून आपोआप मेसेज जाणार असतील तर त्याचा खर्च महिन्याच्या भाड्यात धरलाय की वेगळा, हे लेखी घ्या.

पैशाबद्दल थोडक्यात. बहुतेकांचा दर माणशी दरमहा असतो आणि स्वस्त पडतो तो वर्षाचा भरला तर. सीझनच्या पोरांचे पैसे आपण दिवाळीतसुद्धा का भरायचे? युजर कमी-जास्त करता येतात का ते आधी बोलून घ्या. दोन-तीनच माणसं असतील तर मला वाटतं घेऊच नका, गुगल शीट आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं, फक्त जॉबकार्ड नीट लिहायची शिस्त हवी. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा कोर्स दोन वर्षांचा आहे, त्यात जॉबकार्ड लिहायला पक्कं शिकवलं तर आमचं निम्मं काम होईल.

लोकेशन ट्रॅकिंगवर आमच्या दुकानात बराच वाद झाला. ड्युटी संपल्यावर ते बंद होत असेल तरच घ्यावं, पोरं जेवायला कुठे थांबली हे बघत बसायला आपल्याला वेळ आहे का. गिऱ्हाइकांच्या घरातले फोटो, नंबर, पत्ते, हेही कोणाच्या तरी सर्व्हरवर जाणार. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, उद्या विचारणा झाली तर ती आधी आपल्याकडे होईल.

आणि सोडायचं झालं तर? सेल्सवाला म्हणतो एक्सपोर्ट आहे सर. ट्रायलमध्येच करून बघा. बऱ्याचदा गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये मिळते, पण कुठल्या मशीनला काय काम केलं तो इतिहास आणि फोटो येत नाहीत, म्हणजे ज्याच्यासाठी वर्षभर एंट्री केली तेच मागे राहतं.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी अशा ॲपबद्दल छापताना एवढं जरूर विचारा की हे एखाद्या दुकानात अख्खा मे महिना चाललंय का, दर माणशी किती पडलं आणि सोडताना काय मिळालं. आणि त्या दुकानात गेलात तर मालकाच्या आधी फोन घेणाऱ्या माणसाशी बोला.

कळावे,
आपला एक वाचक,
सिडको, नाशिक